वीस मिनिटांचं अंतर आणि अध्यक्षांचं वजन

“वीस मिनिटांचा रस्ता हाय, नि तुमी मना दोन तास सांगताव?”

घरतशेठ माझ्या टेबलावर दोन्ही हात टेकवून उभे होते. टेबल कंपनीचं, पातळ प्लायचं. मला शेठपेक्षा टेबलाची जास्त काळजी वाटत होती.

“शेठ, वीस मिनिटं विमान हवेत असतं,” मी म्हणलं. “तुम्ही नसता.”

“म्हंजे?”

“म्हणजे तुम्ही मैदानावरून निघणार, विमानतळावर येणार, सिक्युरिटी होणार, विमान रांगत रनवेच्या टोकाला जाणार. मग ती वीस मिनिटं. मग परत रांगणार, दार उघडणार, आणि पुढच्या मैदानाला गाडीने जाणार. धरा दोन तास.”

“पन वीस मिनिटं तुमच्याच सायबानी सांगितलीत.”

साहेब म्हणजे आमचे बॉस, नाडकर्णी सर. ते काचेच्या केबिनमध्ये लगेच फोनवर बोलायला लागले. कानाला लावला होता तो कॅल्क्युलेटर. फोन माझ्या टेबलावर चार्जिंगला होता.

आमची कंपनी छोटी, भाड्याने विमानं देते. ऑफिस बेलापूरला, खाली झेरॉक्सवाला आणि वर आम्ही. मी फ्लाइट डिस्पॅचर. नातेवाइकांना वाटतं मी फुकट दुबईला जाते. मी कामोठ्याहून बसने बेलापूरला जाते, आणि तिकीट काढते. विमान उडवतो पायलट. पण ते उडवायचं का, कुठल्या वाटेने, किती तेल भरून, किती माणसं घेऊन, हा हिशेब माझा. पायलटची आणि माझी अशा दोन सह्या झाल्याशिवाय चाक हलत नाही. बावीस वर्षं हेच करतेय. त्यातली एकवीस ‘नाही’ म्हणण्यात गेली, म्हणून आमच्या सेल्सवाल्यांना मी फारशी आवडत नाही.

घरतशेठ उलव्याकडचे. त्यांची भातशेती होती तिथे आता नव्या मोठ्या विमानतळाचा रनवे आहे. जमिनीच्या बदल्यात प्लॉट आले, प्लॉटवर बिल्डिंगी आल्या, आणि शेठ बिल्डर झाले. पण त्यांना खरं प्रेम दुसऱ्याच पदाचं. गावच्या महिला कबड्डी संघाचे ते अध्यक्ष. गाडीच्या मागच्या काचेवर त्यांचाच फोटो, हात जोडलेला. मंडळाच्या बॅनरवर पोरी पासपोर्ट साइज आणि शेठ फुल साइज.

तर झालं होतं असं. शनिवारी सकाळी घाटावरच्या एका शहरात त्यांच्या संघाची फायनल. आणि त्याच संध्याकाळी घाटाखाली कोकणात, दुसऱ्या एका स्पर्धेतला मोठा सामना. दोन्हीकडे छोटे विमानतळ. नावं सांगत नाही, दोन्हीकडच्या लोकांशी मला अजून फोनवर गोड बोलावं लागतं. आपण त्यांना ‘वरचा’ आणि ‘खालचा’ म्हणू. नकाशावर पट्टी ठेवली तर मध्ये शंभर-एक किलोमीटर. गाडीने मात्र घाट उतरून, वळणं घेत, ट्रकच्या मागे रडतखडत पाच तास. सकाळची फायनल संपवून पाच तासांनी पोचायचं, तर तिकडे सामना संपलेला असायचा.

“मग एक सामना सोडा की,” मी म्हणलं.

तेव्हा शेठच्या मागे उभ्या असलेल्या बाई पुढे आल्या. गळ्यात शिट्टी, अंगावर ट्रॅकसूट. संघाच्या कोच, सुवर्णा पाटील.

“वरची फायनल सोडली तर संघावर बंदी येईल,” त्या म्हणाल्या. “आणि खालचा सामना सोडला तर शमिकाची नोकरी जाईल.”

“कोण शमिका?”

“आमची चढाईपटू. म्हणजे समोरच्यांच्या अंगणात एकटी घुसून त्यांना शिवून परत येते ती. बाप न्हावा शेव्याला ट्रेलर चालवतो, ही तळोज्याला फॅक्टरीत पॅकिंग करते. खालच्या सामन्याला एका सरकारी खात्याच्या संघाच्या निवडकर्त्या बाई येणार आहेत. खेळाडू कोट्यातून नोकरी आहे मॅडम. आणि शमिकाचं वय यंदा संपतंय. पुढच्या वर्षी ती उडून जरी खेळली तरी तिला कोणी विचारणार नाही.”

आता हे मला सांगायचं काही अडलं होतं का? मी अंतर मोजणारी बाई. मला पोरीचा बाप काय चालवतो ते कळून काय करायचंय? पण सांगितलं, आणि ज्या पोरीला मी बघितलंही नव्हतं तिचं टेन्शन माझ्या डोक्यावर येऊन बसलं.

विमान ठरलं. एका पंख्याचं, नऊ सीटचं. सात पोरी, एक कोच, एक अध्यक्ष. राखीव पोरी परीक्षांमुळे येणारच नव्हत्या; परतीसाठी संघाची बस तेवढी आदल्या दिवशी खाली जाणार होती. मग मी माझा आवडता प्रश्न विचारला.

“सगळ्यांची वजनं सांगा.”

मोठ्या विमानात कोणी तुम्हाला वजन विचारत नाही, तिथे सरासरी धरतात. छोट्या विमानात एक जाड काका मागे बसले की शेपूट खाली जातं, म्हणून खरं वजन लागतं. आणि खरं वजन कोणीच सांगत नाही. त्यामुळे माझा एक घरगुती नियम आहे. बाईने सांगितलेल्या वजनात पाच मिळवायचे, पुरुषाने सांगितलेल्यात दहा, आणि ज्याचा बॅनर लागतो त्याच्यात वीस.

“लिवा, पंच्याऐंशी,” शेठ म्हणाले. मी एकशे पाच धरले.

पोरींची वजनं सुवर्णा बाईंनी मोबाइलवरून धडाधड वाचून दाखवली. ग्रॅमसकट! मी बघतच राहिले.

“अहो, एवढी बिनचूक?”

“ऑफिशियल आहेत मॅडम. कबड्डीत वजनाची मर्यादा असते. मागच्याच स्पर्धेत पंचांनी काट्यावर उभं करून घेतलीत.”

मला त्या बाईंच्या पाया पडावंसं वाटलं. पंचांच्या देखत काट्यावर घेतलेली वजनं! यात मी काय कपाळ मिळवणार? आहेत तशी धरली.

शनिवारी मी रिकाम्या विमानातून वरच्या विमानतळावर गेले. छोट्या कंपनीत डिस्पॅचरच हमाल, डिस्पॅचरच हवाईसुंदरी. विमान उडवायला कॅप्टन फर्नांडिस होते. वसईचे, अंगाने भरभक्कम, बोलायला कमी आणि बोलले तर खवट. तेल भरून घेतलं. बरंच भरलं, कारण खालच्या विमानतळावर तेल मिळत नाही. पोरींना तिथे उतरवून विमानाला पुढे मुंबई गाठायची होती, म्हणजे पुढच्या प्रवासाचं तेलही इथूनच पाठीवर घेऊन जायचं होतं. ऑफिसमध्ये बसून मी सगळं वजन तंतोतंत बसवलं होतं. फार खूश होते मी स्वतःवर.

फायनल लांबली. बरोबरी झाली, मग जादा चढाया झाल्या. अखेर आमच्या पोरी जिंकल्या आणि त्यांची गाडी धुरळा उडवत विमानतळावर आली. दार उघडलं, आणि आधी बिर्याणीचा वास उतरला. मग पोरी उतरल्या. एकीच्या हातात केळ्यांचा फणा, दुसरी उभ्याउभ्या अंडी सोलतेय, तिसरी दीड लिटरची बाटली तोंडाला लावून रिकामी करतेय.

“खाऊ दे बिचाऱ्यांना,” सुवर्णा बाई कौतुकाने म्हणाल्या. “दोन्ही स्पर्धांचा काटा झाला ना, आता सुटल्यात.”

“सुटल्यात म्हणजे?”

“म्हणजे काट्याच्या आधी दोन दिवस पाणी तोडतात. जेवण अर्धं. स्वेटर घालून पळतात. थुंकून थुंकून वजन मर्यादेत बसवतात. एकदा पंचांनी ठीक म्हणलं की मग तुटून पडतात.”

मी हिशेबाचा कागद बाहेर काढला.

“बाई, तुम्ही मला दिलेली वजनं…”

“काट्यावरचीच होती. ऑफिशियल.”

“ती खरी नव्हती?”

“खरी होती ना! पण तेवढ्या तासापुरती.”

घ्या! बावीस वर्षं बायकांच्या शब्दावर विश्वास ठेवला नाही आणि पंचांच्या काट्यावर ठेवला. मी सगळ्यांना सामानाच्या काट्याकडे पिटाळलं. पोरी हसत हसत एकेक करून चढल्या. त्यांना वजनाची लाज नव्हती, सवयच ती. प्रत्येकीचे चार-पाच किलो जास्त निघाले. सातजणींचे मिळून एका लहान मुलाएवढे. सुवर्णा बाईंनी स्वतःचं वजन सांगितलंच नव्हतं, मी अंदाजाने धरलेलं. तो अंदाज मी फार सभ्यपणे केला होता असं दिसलं.

“आता शेठ, तुम्ही.”

“मी सांगितलाय ना तुमाला.”

“चढा.”

शेठ चढले. काट्यावर एकशे अठरा आले.

“बुटांचा असंल,” शेठ म्हणाले.

तेवढ्यात दोन हमाल एक मोठं खोकं उचलून विमानाकडे निघाले. शमिकाला उत्कृष्ट चढाईसाठी घरघंटी मिळाली होती. घरी पीठ दळायची गिरणी! कबड्डीत अशीच बक्षिसं असतात, कधी फ्रिज, कधी सायकल. मी हमालांना जागीच उभं केलं. घरघंटी गेली, तरी चषक आणि वाढलेलं सामान धरून माझ्या हिशेबापेक्षा ऐंशी-नव्वद किलो जास्तच होते.

“तेवढ्यानं काय व्हतंय?” शेठ म्हणाले. “विमान हाय का हातगाडी? उडनार नाय काय?”

“उडेल शेठ. उतरणार नाही.”

हे जरा समजून घ्या, कारण सगळी गंमत इथेच आहे. विमानाला वजनाच्या दोन मर्यादा असतात. उडतानाची मोठी, उतरतानाची लहान. उडताना चाकं जमीन सोडतात, उतरताना जमिनीवर आपटतात, म्हणून उतरताना हलकं असावं लागतं. लांबच्या प्रवासात तेल जळतं आणि विमान आपोआप हलकं होतं. पण अंतर वीस मिनिटांचं असेल तर जळणार काय? भरल्या पोटी गेलेलं विमान भरल्या पोटीच पोचतं. म्हणजे विमानतळ लांब आहे हा आमचा प्रॉब्लेम नव्हताच. तो फार जवळ होता. दिल्ली असती तर शेठना घरघंटीवर बसवून नेलं असतं.

“मग थोरा तेल काढा,” शेठ म्हणाले.

“काढायला टँकर परत बोलवायचा, काढलेलं तेल वेगळं ठेवायचं, त्याची तपासणी. संध्याकाळ होईल.”

“मग वर घिरट्या मारा. जालू दे तेल.”

हे त्यांनी बरोबर सांगितलं होतं. लोक घिरट्या मारतात तेल जाळायला. पण खालचा विमानतळ दुकानासारखा. रोजचं एक विमान आलं-गेलं की टॉवरवाले आणि अग्निशमनवाले घरी जातात. आमच्यासाठी ते थोडा वेळ जास्त थांबणार होते, आणि फायनल लांबल्यामुळे तो वेळ संपत आला होता. अर्धा तास घिरट्या मारल्या असत्या तर खाली शटर.

“मग दोन फेऱ्या मारा. रिक्षावाला मारतो ना?”

“शटर शेठ, शटर.”

आता हिशेब सोपा होता आणि तो सगळ्यांना दिसत होता. सगळं सामान आणि एक पोरगी मागे ठेवायची. नाहीतर एकटे शेठ.

मी नाडकर्णी सरांना फोन लावला. यावेळी त्यांनी खरा फोन कानाला लावला.

“वंदना, क्लायंट कोण आहे आपला?” सर म्हणाले.

“शेठ.”

“मग क्लायंटला उतरवून त्याची माणसं नेतात का कुठे? एक मुलगी ठेव मागे. सहाजणी खेळतील.”

“सर, कबड्डीत सातजणी असतात.”

“मला सांगू नकोस. मी शाळेत खेळलोय.”

“तुम्ही कॅरम खेळलाय सर, तुम्हीच सांगितलं होतं पार्टीत.” मी फोन ठेवला. त्याचं मला नंतर ऐकून घ्यावं लागलं, ते जाऊ दे.

शेठना मात्र सरांचं म्हणणं पटलं. “खेलतील सहाजनी. नियमात बसतंय. ती कोपऱ्यातली हिना राहू दे मागं, येईल माझ्या गाडीनी.” शेठची गाडी ड्रायव्हरसकट बाहेर उभी होती.

सुवर्णा बाईंचा चेहरा उतरला. “शेठ, हिना नसली तर कोपरा उघडा पडतो. मग शमिकाला पकडीत गुंतावं लागणार, आणि ती बाद झाली की बाहेर बसून राहणार. निवडकर्त्या बाई काय बाहेर बसलेली शमिका बघायला येतायत?”

“आनि मी काय बोलू लोकान्ला?” शेठचा आवाज चढला. “खाली बेंजो पार्टी लावलीय मी! हार हायेत, ड्रोनवाला हाय, दारात माझा एवढा मोठा बॅनर हाय! अख्खा गाव फोनवर बघतंय. विमानातशी संघ उतरनार आनि अध्यक्षच नाय? तोंड काय दाखवू?”

खरं सांगते, मला तेव्हा त्यांचा राग आला. असा राग आला की काट्यावरून ढकलून द्यावं. पण दुसरीकडे एवढा मोठा माणूस बॅनरसाठी रडकुंडीला आलेला बघून कसंतरी पण होत होतं.

कॅप्टन फर्नांडिस आतापर्यंत विमानाच्या सावलीत उभे राहून शेंगदाणे खात होते. ते पुढे आले.

“शेठ, तुम्ही आलात तर आपण खाली नक्की पोचू,” ते म्हणाले. “थांबू की नाही ते सांगता येत नाय. रनवे संपला की काजूची बाग आहे. चांगली आहे बाग.”

हे त्यांनी वाढवून सांगितलं होतं. मी दुरुस्त केलं नाही.

“आणि मी सही करणार नाही,” मी म्हणलं. “सात पोरी आणि कोच असतील तर आत्ता करते. नाहीतर विमान इथेच. मग तुम्ही, पोरी, बिर्याणी, सगळे मिळून ठरवा.”

लांब कुठेतरी टिटवी ओरडत होती आणि आमचा वेळ चालला होता. तेव्हा शमिका पुढे आली. तोवर तिने तोंड उघडलं नव्हतं. बारीक चणीची, गुडघ्यांना पट्ट्या, केस घामाने कपाळाला चिकटलेले. तिने शेठकडे सरळ बघितलं.

“अध्यक्ष,” ती म्हणाली, “तुमी बाद व्हा.”

शेठ दचकले.

“कोनतरी बाद झाल्याबिगर डाव फुडं जात नाय. आज तुमी व्हा. आमी खाली जाऊन गुन घेतो.”

कबड्डीत बाद झालेला खेळाडू बाहेर जाऊन बसतो, त्यात कोणी कमीपणा मानत नाही. आपल्या बाजूने गुण घेतला की तो परत आत येतो. हे सुवर्णा बाईंनी मला नंतर समजावलं. तेव्हा मला यातलं काहीच माहीत नव्हतं, मी फक्त शेठकडे बघत होते. त्यांनी गॉगल काढला, सदऱ्याला पुसला, परत घातला.

“नीट खेल,” ते म्हणाले. “नायतर ती घरघंटी मीच ठेवीन.”

आणि काट्याकडे पाठ करून गाडीकडे चालायला लागले. मी सही केली. पाच मिनिटांत विमान रनवेच्या टोकाला होतं.

मला खरं तर वरूनच बसने नवी मुंबईला परत जायचं होतं. पण शेठनी गाडीचं दार उघडलं. “बसा मॅडम. तुमीच उतरवलाव मना, आता सोबत करा. रात्री संघाची बस हायच परत जायला.” मागच्या सीटवर घरघंटी होती, तिच्या शेजारी मी. शेठ पुढे ड्रायव्हरच्या बाजूला. घाट लागेपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत. मीही बोलले नाही. अशा वेळी क्लायंटशी बोलू नये, हे मी नाडकर्णी सरांना भेटण्याआधीपासून जाणते.

घाटात दोन कंटेनर समोरासमोर अडकले होते. आम्ही थांबलो. शेठचा फोन वाजला, स्पीकरवर सुवर्णा बाई.

“पोचलो शेठ! पण एक गोंधळ झालाय.”

“काय झाला?”

“तुम्ही बेंजोवाल्यांना सांगून ठेवलं होतं ना, दारातून जो जाडजूड माणूस पहिला उतरेल तो अध्यक्ष? कॅप्टन दार उघडायला उतरले. त्यांनी कॅप्टनलाच हार घातले. तीन! नाचवलं पण. ड्रोनवाल्याने सगळं शूट केलंय.”

मी खिडकीबाहेर बघायला लागले. हसू दाबून माझी बरगडी दुखायला लागली. शेठनी फोन बंद केला. मग त्यांचं पोट हलायला लागलं, मग खांदे, आणि मग ते असे हसले की समोरच्या कंटेनरचा क्लीनर वळून बघायला लागला.

हसणं ओसरल्यावर त्यांनी रुमालाने डोळे पुसले आणि माझ्याकडे न बघता बोलले.

“ताई, मी पन खेलायचो. उजवा कोपरा. लय दनकट व्हतो, आता बगून वाटनार नाय.”

“मग?”

“एका कंपनीच्या संघात बोलावलेलं. नोकरी देत व्हते. बाप बोलला, आपली एवरी शेती हाय, दुसऱ्याची चाकरी कनाला? मी नाय गेलो.” त्यांनी पुढच्या काचेकडे हात केला, जणू रनवे समोरच होता. “आता शेती पन नाय. बिल्डिंगी हायेत. पन ताई, बिल्डिंगीला कोन टाल्या वाजवतंय?”

माझ्याकडे पाण्याची बाटली होती, ती पुढे केली. मला त्या माणसाबद्दल एकदम माया वाटली. तासाभरापूर्वी ढकलून द्यावंसं वाटत होतं त्याचीही थोडी लाज वाटली, पण फार नाही. एकशे अठरा म्हणजे एकशे अठरा.

घाट उतरून खाली आलो तोवर उन्हं कलली होती. सामन्याच्या मैदानापासून आम्ही अजून बरेच लांब होतो. परत फोन आला. यावेळी सुवर्णा बाई ओरडत होत्या की रडत होत्या ते कळेना.

“हरलो शेठ. दोन गुणांनी.”

शेठनी डोळे मिटले.

“पण शमिकाने एका चढाईत तिघींना बाद केलं! हिनाने कोपरा असा धरला की एकीला हलू दिलं नाही. निवडकर्त्या बाई सामना संपल्यावर स्वतः आत आल्या. शमिकाचे कागद मागितलेत. सोमवारी बोलावलंय. त्या म्हणाल्या, ही मुलगी आम्हाला हवीच. ऐकताय ना शेठ?”

शेठनी ड्रायव्हरला गाडी बाजूला घ्यायला लावली. उतरले, रस्त्याच्या कडेच्या दगडावर बसले आणि मोठ्याने रडले. लपवलं वगैरे काही नाही. येणारे-जाणारे बघत होते. एक स्कूटरवाला थांबून मला म्हणाला, “काय झालं? कोण गेलं का?” मी म्हणलं, “नाही हो. लागली एकीला नोकरी.” तो माझ्याकडे संशयाने बघत निघून गेला.

नाडकर्णी सरांनी सोमवारी मला केबिनमध्ये बोलावून क्लायंटशी कसं वागावं यावर भाषण दिलं. मी ऐकलं. भाषण संपल्यावर मी सांगितलं की आपल्या कंपनीत यापुढे प्रवाशांची वजनं विमानतळावर, जेवणानंतर घेतली जातील. सर म्हणाले, “जेवणानंतरच का?” मी म्हणलं, “माणूस खरा तेव्हाच असतो.” ते त्यांना कळलं नाही, पण नियम झाला. माझ्याकडून या धंद्यात येणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे की दोन विमानतळ लांब असतील तर निवांत राहा, तेल जळेल आणि सगळं जमेल. जवळ असतील तर मात्र कोणाच्याही शब्दावर जाऊ नका, पंचांच्या तर मुळीच नको.

शमिकाची नोकरी झाली. वैद्यकीय तपासणी, कागद, सगळं पार पडलं. रुजू झाली त्या संध्याकाळी तिने मला फोन केला. बाप ट्रेलर घेऊन बाहेरगावी होता, म्हणून तिला सोडायला घरतशेठ गेले होते. पांढरे कपडे, गळ्यात चेन, तोच गॉगल. गेटवरच्या शिपायाने अडवलं आणि विचारलं, “आपण कोण?”

“मग काय सांगितलं त्यांनी?” मी विचारलं. मला वाटलं, अध्यक्षपदापासून सुरुवात केली असणार.

“ते बोलले, ‘मी कोन नाय. पोरीला सोडायला आलोय,’” शमिका म्हणाली. “आनि मी सही करून बाहेर येईपर्यंत रस्त्यापलीकडं उन्हात उभे व्हते.”